पारगावचं डोहाळजेवण

आम्ही राहतो त्या गावात मराठी घरं सव्वीस. गाव कॅनडात आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण सव्वीसही घरांत मराठी वाचतात आणि हे वाचून पंचवीस घरं माझ्यावर रागावतील. सव्विसावं घर माझं आहे, तेही रागावू शकतं.

सव्वीस घरांचं एक मंडळ आहे आणि मंडळाची अकरा जणांची कार्यकारिणी. दर रविवारी शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये मुलांचा संस्कार वर्ग भरतो. तो गेली आठ वर्षं मी घेते. श्लोक, सण आणि नात्यांची नावं शिकवते. आत्या कोण आणि मावशी कोण हे समजायला मुलांना दोन रविवार लागतात. समजलं की लगेच कुणीतरी विचारतं, "मग सून का येते आणि जावई का येत नाही?" याचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नाही.

डिसेंबरात मी लेकीला घेऊन माहेरी, जुन्नर तालुक्यातल्या वारूळवाडीला चालले आहे हे कळल्यावर अध्यक्षांचा फोन आला. वसंतोत्सवात यंदा 'आपली परंपरा' म्हणून साग्रसंगीत डोहाळजेवण दाखवायचं ठरलं होतं. "नंदाताई, गावाकडची गाणी आणा. अस्सल आणा. आणि संस्कारक्षम आणा," ते म्हणाले. या दोन अटींचं एकमेकींशी पटत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

डोहाळजेवण आमच्या मंडळाला नवीन नाही. झोपाळा, फुलांचे दागिने, धनुष्यबाण, सगळं आहे. झाकलेल्या दोन वाट्या मीच ठेवते. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. होणाऱ्या आईनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खरं तर इकडे डॉक्टर पाचव्या महिन्यात सांगून मोकळे होतात आणि गुलाबी नाहीतर निळा केक कापून ते जाहीरही झालेलं असतं. तरी सातव्या महिन्यात आम्ही वाट्या झाकतोच. एकदा मुलगी होणार हे अख्ख्या हॉलला माहीत असताना पेढा निघाला, तर टाळ्यांचा कडकडाट झाला. "हा निव्वळ खेळ आहे," असं अध्यक्ष म्हणतात. मीही तसंच म्हणत आले.

योगायोग असा की माझ्या भाचीचं, म्हणजे दादाच्या अश्विनीचं, डोहाळजेवण मी तिथे असतानाच निघालं. तिचं सासर पारगावचं. पहिल्या खेपेला लॉकडाऊन होता म्हणून राहून गेलं होतं, ते आता दुसऱ्या खेपेला करणार होते. मी फोन ठेवायचा स्टँड विकत घेतला आणि बॅग भरली.

वारूळवाडी

पहिल्या जेवणाला वहिनीनं मासवडी केली. माझी इरा बारा वर्षांची. सप्टेंबरपासून तिनं शाकाहाराचं व्रत घेतलंय. नाव ऐकूनच तिनं ताट सरकवलं. वहिनीचा चेहरा पडला. मग मी सांगितलं की यात मासा नावापुरताच असतो. बाहेर बेसन, आत तीळ, खोबरं आणि कांदा. इरानं पाच वड्या आणि दोन वाट्या रस्सा संपवला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना "मामी, हे अत्यंत रुचकर आहे," असं माझ्या वर्गात शिकलेलं वाक्य तिनं म्हणून दाखवलं. शेजारच्या दोघा पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "लई शुद्ध बोलती राव," एक जण म्हणाला.

ते दोघे आणि दादा पहिल्या पंगतीला बसले होते आणि भूक लागली म्हणून इराही त्यांच्या ओळीत जाऊन बसली होती. तिला कुणी ऊठ म्हणालं नाही. परदेशातून आलेल्या मुलीला पहिले दोन दिवस पुरुष समजतात. तिसऱ्या दिवशी वहिनीनं तिच्या हातात भाकरीची टोपली दिली, तेव्हा मी ओळखलं की पोर आता घरची झाली.

"मामा, तुम्ही का वाढत नाही?" टोपली घेऊन तिनं विचारलं.

"मला न्हाई गं जमत. सांडतं माझ्या हातनं," दादा म्हणाला.

दादाची द्राक्षबाग आहे. घडातले नको ते बारीक मणी तो कात्रीच्या टोकानं असे काढतो की शेजारच्या मण्याला धक्का लागत नाही. त्या हातांना वरणाची वाटी मात्र पेलत नाही. पण मी हसले नाही. आमच्या मंडळातले नवरे घरी रोज भांडी घासतात आणि मंडळाच्या जेवणाला झब्बा घालून आले की खुर्चीत बसतात. संस्कृती जपायची तर कुणीतरी बसलं पाहिजे.

ऊन उतरायला लागलं की वहिनी इराला हाक मारून आत घेई. उसाच्या फडात बिबट्या आहे. तसा तो खरोखरच आहे, कुत्री नेतो. पण आमच्या लहानपणी इथे बिबटे नव्हते, तरी दिवेलागणीनंतर मुलींनी अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. बिबटे आल्यापासून निदान कारण तरी मिळालं.

भाकऱ्या थापताना वहिनीनं अश्विनीचं सांगितलं. अश्विनी मंचरला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. पहिली मुलगी स्वरा. तिच्यानंतरही काही दिवस कामाला गेली, मग दुसऱ्या खेपेला दिवस राहिल्यावर नोकरी सुटली. नवरा चाकणला कंपनीत, स्वभावानं बरा, पण आईच्या शब्दाबाहेर नाही.

"पोरगा झाला की जा कामाला, असं म्हणत्यात सासूबाई तिच्या," वहिनी म्हणाली. "आन् पोरगी झाली तर मंग तिसरं. मागच्याच येळेला रक्त द्यायला लागलं व्हतं तिला. तिसरं कसं सोसंल?" तव्यावरची भाकरी तिची उलटायची राहिली आणि करपली. "एकदा भीमाशंकरला जाऊन येऊ. देवाला सांगून ठेवते."

या घरात भाकरी करपलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

भीमाशंकरच्या वाटेवर

घोडेगाव मागे पडलं की गाडी वर चढायला लागते आणि डिंभे धरणाचं पाणी मध्येच उजव्या हाताला, मध्येच डाव्या हाताला दिसत राहतं. भातं निघून गेलेली, खाचरांत नुसते खुंट. उतारावर नाचणीच्या कणसांचे ढीग. इराच्या मते हे सगळं कॅनडासारखं होतं. कॅनडातलं तळं पाहिल्यावर तिला ते भारतासारखं वाटतं.

देवळाच्या पायऱ्यांवर हार-प्रसादाच्या दुकानांची दाटी आणि दोन्ही बाजूंनी "या ताई, इकडं या" अशा हाका. एका माकडानं इराच्या हातातला वेफर्सचा पुडा नेला आणि छपरावर बसून शांतपणे फोडला. रांग दीड तासाची. वहिनी गाभाऱ्यापुढे हात जोडून उभी राहिली ती मागची माणसं ढकलायला लागेपर्यंत.

बाहेर आल्यावर इरानं विचारलं, "मामी, तुम्ही काय मागितलं?"

"सांगितलं की फळत न्हाई गं."

"मुलगा मागितला?"

वहिनी चप्पल शोधत राहिली. मग म्हणाली, "अश्विनीची सुटका मागितली. आता ती कशानं व्हईल ते देवालाच म्हाईत."

परतताना एका वाडीवर थांबलो. दादाच्या ओळखीच्या हौसाबाई तिथे राहतात. साठीच्या असतील, काटक. दवाखाने जवळ यायच्या आधी आसपासच्या पाच-सहा वाड्यांची बाळंतपणं त्यांनी केलेली. डोहाळ्यांची गाणी त्यांनाच येतात असं कळलं होतं. त्या अंगणात नाचणी बडवत होत्या. मी स्टँड उभा केला, फोन लावला आणि "मावशी, आता अगदी नैसर्गिक बसा," असं म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघून बडवणं चालू ठेवलं.

"किती पोरं तुला?" त्यांनी मला विचारलं.

"एक मुलगी. ही."

"बास?"

"बास."

"बरं केलं." मग वहिनीकडे वळून त्या म्हणाल्या, "आन् तुझ्या लेकीला कितवा?"

"सातवा. पैली पोरगी हाय. आता पोरगा झाला म्हंजे..."

हौसाबाईंनी काठी खाली ठेवली. "कळा दोघांच्या सारख्याच असत्यात बघ. पोराची कळ काय निराळी न्हाई येत. पर पोरगा झाला की मला लुगडं मिळायचं आन् पोरगी झाली की च्या. तो बी बिनदुधाचा. मी तेवढंच काम केल्यालं असायचं."

इरा हसली. हौसाबाईही हसल्या आणि हसता हसताच त्यांनी गाणं धरलं. आवाज फुटका होता, पण पक्का. पहिल्या महिन्यात हे, दुसऱ्या महिन्यात ते असं करत गाणं पुढे सरकत होतं. सातव्यावर येऊन त्यांनी म्हटलं:

सातव्या महिन्याला काय खावं वाटं?
सासूबाई, मला निजू द्या पहाटं.

त्यानंतरच्या ओळींत नवऱ्याच्या हातात घागर होती, नणंदेच्या डोक्यावर मोळी होती आणि सासऱ्यांबद्दल जे होतं ते मी इथे लिहीत नाही. मी फोनकडे पाहिलं. सगळं नीट रेकॉर्ड होत होतं. अस्सल होतं यात शंका नव्हती.

"मावशी, यात जरा... देवाचं वगैरे असलेलं एखादं?" मी विचारलं.

"देवाला कुठं डोहाळं लागत्यात?" हौसाबाई म्हणाल्या.

मला त्या इतक्या आवडल्या की ही बाई कॅनडात नेऊन कार्यकारिणीवर घ्यावी असं वाटलं. चहा पिताना मात्र त्यांनीच मला जमिनीवर आणलं. "तरी बी एक पोरगा पायजेच बाई," त्या म्हणाल्या.

"का?" इरानं विचारलं.

"का म्हंजे? पोरगा न्हाई तर सून कुठनं यायची? आन् सून न्हाई तर काम कोण करणार?"

पारगाव

वारूळवाडीहून पारगाव पाऊण तासाचं, पण साखर कारखान्याचा गळीत हंगाम चालू होता. उसानं भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे आमची गाडी बैलगाडीच्या वेगानं चालली. पुढे खरोखरच्या बैलगाड्याही होत्या आणि उसाच्या मोळ्यांवर तोडणी करून दमलेल्या बाया लेकरं कुशीत घेऊन बसल्या होत्या. गावाजवळ मळीचा वास सुरू झाला. इरानं नाकाला रुमाल लावला आणि पाच मिनिटांनी तिला सवय झाली.

अश्विनीच्या सासूबाई दारातच भेटल्या. माझ्या त्या विहीणबाई. आडव्या बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या. एका दमात त्यांनी आम्हाला पाणी दिलं, आचाऱ्याला झापलं, मांडववाल्याला खुर्च्या पुरुषांकडे जास्त टाकायला सांगितलं. मी लेखी हुकूम काढावा तसं मनात ठरवून टाकलं की या कहाणीतली खलनायिका सापडली.

आत झोपाळ्यावर अश्विनी बसली होती. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांचा कमरपट्टा आणि सुजलेले पाय. "आत्या," एवढंच म्हणून तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. तिची पाच वर्षांची स्वरा नवा परकर-पोलका घालून तिच्या पायाशी बसली होती.

मी स्टँड लावला. बायका जमल्या, ओट्या भरल्या गेल्या, हातात धनुष्यबाण देऊन फोटो झाले. मग तज्ज्ञांची मतं सुरू झाली.

"पोट पुढं आलंय. पोरगाच."

"चेहरा उतरलाय बघा. पोरीच्या येळेला कसा चमकत व्हता. पोरगाच."

"उजवा पाय आधी टाकती. म्या बघितलं."

विरोधी पुरावा कुणाकडेच नव्हता. एकीनं स्वराला विचारलं, "सांग गं, तुला कोण होणार?" स्वरानं पाठ केल्यासारखं म्हटलं, "भाऊ." लहान मुलाची वाणी खरी होते म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. ही वाणी तिला कुणी शिकवली हे विचारायचं नसतं.

मग विहीणबाई आतून ताट घेऊन आल्या. त्यात उपड्या घातलेल्या दोन वाट्या. बायका पुढे सरकल्या. वहिनीनं डोळे मिटून घेतले. अश्विनीनं हात पुढे केला, एका वाटीवर नेला, मग दुसरीवर नेला आणि तो तिथेच थांबला. मी वीस-पंचवीस वेळा वाट्या ठेवल्या असतील, पण वाटी उघडणारीचा हात असा अडतो हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. फोनच्या पडद्यावर माणसाचा हात मोठा दिसतो.

तिनं डावीकडची वाटी उचलली. पेढा.

एकच गलका झाला. कुणी हळद लावतंय, कुणी कडाकडा बोटं मोडतंय. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी. अश्विनीनं डोकं झोपाळ्याच्या कडीला टेकवलं. या सगळ्यात इरा पुढे गेली. तिला कुठलंही अर्धवट कोडं बघवत नाही. तिनं दुसरी वाटी उचलून पाहिली.

"क्षमा करा," ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "पण याही वाटीत पेढाच आहे."

गलका थांबला. एकजण खुदकन हसली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. सगळ्या विहीणबाईंकडे बघायला लागल्या.

"बर्फी संपली व्हती दुकानात," विहीणबाई म्हणाल्या.

"पण मग बर्फी निघाली असती तर काय झालं असतं?" इरानं विचारलं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. तिच्या वर्गात मी हा निव्वळ खेळ म्हणून शिकवला होता.

उत्तर दिलं ते स्वरानं. "मग आई रडली असती," ती म्हणाली. "आणि आजी लोकांना, पुढच्या खेपेला भाऊच, असं सांगत बसली असती."

कुणीतरी शहाणपणानं गाणं सुरू केलं. बायकांनी जरा जास्तच मोठ्यानं साथ दिली.

मी उठून विहीणबाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेले. मनात भाषण तयार होतं. एकविसावं शतक, मुलगा-मुलगी समान, सुनेच्या मनावर होणारा परिणाम, असे तीन मुद्दे. त्या ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. मी घसा साफ केला.

"विहीणबाई, राग मानू नका, पण—"

"ठिवले मीच," त्या वळल्या. "दोन्हीत पेढं ठिवले. तिच्यासाठी ठिवले. तुमी बघितल्या न्हवं बाहेरच्या बाया? बर्फी निघाली असती तर दोन महिनं एकेक जण येऊन तोंड वाकडं करून गेली असती. सुखानं घास गिळू दिला नसता पोरीला. आता बाळंत होस्तवर तरी नीट बोलतील."

मी ओट्याला टेकले.

"मला चार पोरी झाल्या, मग हा झाला. चौथ्या येळेला माझ्या आईनं गपचूप दोन्हीत पेढं ठिवले व्हते. ते दोन महिनं सासरी मला कुणी टाकून बोललं न्हाई. दूध प्यायला मिळायचं. तेवढंच." त्यांनी पदरानं ओटा पुसला. ओटा कोरडाच होता. "मंग झाली पोरगी. मंग झालं जे व्हायचं ते."

"पण मग तिसऱ्या बाळंतपणाचं तुम्ही का बोलता?" मी विचारलं. भाषणातले तीनही मुद्दे विसरून गेले होते.

"मी न्हाई बोलले तर माझे दीर बोलत्यात, जावा बोलत्यात. मी बोलले म्हंजे त्यांची तोंडं बंद." त्यांनी पदर खोचला. "आता माझ्या तोंडाला बी सवय लागली असंल. म्हाईत न्हाई."

दारात अश्विनी उभी होती. फुलांचा मुकुट एका बाजूला कललेला. तिनं सगळं ऐकलं होतं. सासूनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं सासूकडे. मग विहीणबाई ओरडल्या, "उभी कशाला राहिलीस सुजल्या पायांनी? बस तिथं!" आणि स्टूल ओढून दिलं.

परत वारूळवाडीला

गाडीत दादा चालवत होता, शेजारी वहिनी, मागे इरा आणि मी. कारखान्याच्या वळणावर इरानं विचारलं, "आई, तुझ्या डोहाळजेवणाला काय निघालं होतं?"

"बर्फी."

"मग तू रडलीस?"

"नाही. हसले. मंडळातल्या बायका 'असू दे, असू दे' म्हणाल्या, मीही 'असू दे' म्हणाले." इथे थांबता आलं असतं. पण सकाळपासून इतक्या जणी खरं बोलल्या होत्या की मला एकटीला खोटं जमेना. "घरी येऊन वारूळवाडीला तुझ्या आजीला फोन केला. तिला सांगितलं, पेढा निघाला."

पुढच्या सीटवरून वहिनी गर्रकन वळली. "तरीच! आईंनी अख्ख्या आळीत पेढे वाटले व्हते की!"

"आणि मी झाले तेव्हा काय वाटलं?" इरानं विचारलं.

वहिनीनं खिडकीकडे तोंड केलं. "पेढे वाटून झाले व्हते ना गं," ती म्हणाली.

इरा तिच्या वयाच्या मुली करतात तशी खिडकीला डोकं लावून ऊस बघत राहिली. मी तिचा हात घ्यायला गेले, तिनं तो काढून घेतला. आठ वर्षं मी दर रविवारी पंधरा मुलांना परंपरा शिकवली. माझ्या एकुलत्या एक मुलीच्या जन्माला गावात साखर वाटली गेली नाही हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला मी कधी विचारलंही नव्हतं.

नारायणगावात दादानं गाडी बाजूला घेतली. उतरून दुकानांकडे गेला. मला वाटलं औषधं घ्यायची असतील. तो बर्फीचे दोन मोठे पुडे घेऊन आला आणि गाडी चालू केली.

घरी पोचल्यावर त्यानं हातपायही धुतले नाहीत. मोठी परात घेतली, बर्फी ओतली आणि इराला म्हणाला, "चल." अजून चांगला उजेड होता. मी आणि वहिनी फाटकात उभ्या राहून बघत होतो. दादा पहिल्या दारापुढे गेला.

"बर्फी? कशाबद्दल भाऊ?" शेजारचे आबा विचारत होते.

"भाची झाली."

"आरं वा! कधी?"

"बारा वर्षं झाली," दादा म्हणाला. "घ्या. आन् काकूंना बी द्या."

सबंध आळी झाली. दोन ठिकाणी त्याच्या हातून बर्फी सांडली, ती कोंबड्यांनी खाल्ली. काही घरांत लोक हसले, एका घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी इराच्या तोंडावरून हात फिरवला. परत येताना परात इराच्या डोक्यावर होती आणि ती मामाला कॅनडातल्या अस्वलांबद्दल काहीतरी सांगत होती. माझ्याशी ती दुसऱ्या दिवशी दुपारी बोलली.

कॅनडा

कार्यकारिणीची बैठक मी परतल्यावरच्या शनिवारी झाली. मी प्रस्ताव मांडला की डोहाळजेवण जरूर करू, पण वाट्या बंद करू. चर्चा पावणेदोन तास चालली. एक सभासद म्हणाले, अशानं हळूहळू सगळंच जाईल. एक म्हणाल्या, आम्हाला दोन्ही मुलगेच आहेत, त्यामुळे आमचं काहीच मत नाही. अध्यक्षांनी सुवर्णमध्य काढला: दोन्ही वाट्यांत गुलाबजाम ठेवू. तो नऊ विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. माझ्या विरोधी मताची नोंद आहे. दुसरं विरोधी मत अध्यक्षांच्या बायकोचं होतं, हे त्यांना इतिवृत्त वाचताना कळलं.

संस्कार वर्ग अजून मीच घेते. श्लोक आहेत, सण आहेत. फक्त मुलांनी विचारलेल्या ज्या प्रश्नांची उत्तरं अभ्यासक्रमात नसतात, ते आता फळ्यावर लिहून ठेवते. घरी जाऊन आईवडिलांना विचारायचे आणि पुढच्या रविवारी उत्तर आणायचं. चार पालकांनी तक्रार केली आहे. मुलांची हजेरी वाढली आहे.

अश्विनीला मुलगी झाली. वहिनीनं फोनवर सांगितलं. दवाखान्यात विहीणबाईंच्या एक जाऊबाई "असू दे, लक्ष्मी आली" असं सुस्कारा टाकून म्हणाल्या, तर विहीणबाई कडाडल्या, "असू दे काय? काय हरवलंय का कुणाचं?" पण घरी आल्यावर बारशाच्या दिवशी विहीणबाईंच्या दिरांनी तिसऱ्याचा विषय काढलाच. "आता न्हाई," अश्विनी सगळ्यांसमोर म्हणाली. सगळ्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या पाळण्याची दोरी ओढत राहिल्या.

"गप राह्यल्या," वहिनी मला म्हणाली. "त्यांचं गप राहणं म्हंजे लई झालं."

त्याला आता बरेच महिने झाले. परवा सकाळी अगदी उजाडताना मी अश्विनीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. फोन विहीणबाईंनी उचलला. मागे धाकटी ओरडत होती आणि स्वरा मोठमोठ्यानं पाढे म्हणत होती.

"अश्विनी आहे का?"

"न्हाई. मंचरला गेलीया, लॅबला. तिची दुपारची पाळी असती आता. काय निरोप हाय का?"

"नाही, सहजच केला होता."

"मंग ठिवते," विहीणबाई म्हणाल्या. "दोन पोरी सांभाळायच्यात. हात मोकळा न्हाई माझा."